दिसत नाही, पण वजनात येतं

प्रश्न : साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून मी निवृत्त झालो. नात बारावीला आहे, तिच्यामुळे विश्वाबद्दल वाचायची गोडी लागली. विश्वातलं बरंचसं द्रव्य, डार्क मॅटर, दिसतच नाही म्हणतात. ते कशाचं बनलंय, तर कुणी म्हणतं नवा कण, कुणी कृष्णविवरं, कुणी म्हणतं असं काही नाहीच. हा सगळा अंदाजपंचे कारभार तर नव्हे? आणि ते आपल्या कोल्हापुरातही आहे का?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : काट्यावर उमेदवारी केलेल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. ट्रॉलीत डोळ्यांना दिसतोय चार टन ऊस आणि काटा दाखवतोय चोवीस टन. मग एकतर ट्रॉलीत न दिसणारा माल आहे, नाहीतर काट्यातच खोट आहे. दिसणारं आणि न दिसणारं यांचं विश्वातलं प्रमाण साधारण असंच, एकास पाच आहे.

आकाशातला काटा म्हणजे वेग : ओढणारं वजन जास्त तर फिरण्याचा वेग जास्त, आणि लांब गेलं की ओढ कमी, वेगही कमी. बुध सूर्याभोवती सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या कुटुंबाच्या, कडेचे तारेही असेच रेंगाळायला हवेत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले वेग मोजून प्रसिद्ध केले, तर कडेलाही वेग फारसा उतरत नव्हता, म्हणजे दिसतं त्याहून वजन जास्त होतं. त्याआधी, १९३३ मध्ये, फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका अख्ख्या समूहात हाच हिशेब चुकलेला दिसला होता.

आता माल कसला? आधी संशय गेला ओळखीच्याच गोष्टींवर : विझलेले तारे, न पेटलेले गोळे. असा गोळा दूरच्या ताऱ्यासमोरून गेला की त्याच्या गुरुत्वाकर्षणानं तारा काही काळ उजळतो. १९९०च्या दशकात मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या लाखो ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. उजळण्याच्या घटना सापडल्या, पण हिशेब भागेल इतक्या नाहीत. तो अंदाज बाद झाला. तुमच्या शंकेला माझं उत्तर इथंच आहे : ज्यानं अंदाज केला, त्यानंच तो कुठं खोटा ठरेल हेही सांगितलं होतं. अंदाजपंचे कारभारात ही सोय नसते.

विश्वाच्या जन्मावेळी तयार झालेल्या कृष्णविवरांची कल्पना हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडली. लघुग्रहाएवढ्या वस्तुमानाची विवरं असतील, तर ही शक्यता अजून खुली आहे.

सगळ्यात जास्त मेहनत झाली ती ‘विम्प’ नावाच्या जड, अबोल कणांवर. अमेरिकेत साउथ डकोटातल्या सोन्याच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, दहा टन द्रवरूप झेनॉन भरलेलं भांडं आहे. वरचा खडक अवकाशातून येणारे कण अडवतो. विम्प झेनॉनच्या अणुकेंद्रावर आदळला तर बारीकशी चमक उठेल, ती टिपायला प्रकाशसंवेदक लावलेत. २०२४ मध्ये २८० दिवसांच्या नोंदी जाहीर झाल्या : काही नाही. हे ‘काही नाही’ मला फार मोलाचं वाटतं, कारण विम्प कुठं लपू शकेल ती जागा त्यानं आणखी आवळत आणली. आपल्याकडेही झारखंडमधल्या जादुगुडाच्या युरेनियम खाणीत, ५५० मीटर खोल, अशी प्रयोगशाळा २०१७ पासून आहे.

माझा कल मात्र ‘अॅक्सिऑन’ नावाच्या दुसऱ्या एका कणाकडे आहे. तो डार्क मॅटरची नड भागवायला शोधलेला नाही. न्यूट्रॉनच्या विद्युतगुणधर्मांचं एक कोडं सोडवताना, १९७७-७८ च्या सुमारास, तो समीकरणांतून पुढे आला. एका कामासाठी आलेला पाहुणा दुसरं अडलेलं कामही उरकत असेल, तर त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

काट्यातच खोट असेल तर? इस्रायलचे मॉर्डेहाय मिलग्रोम १९८३ पासून तेच म्हणतात : अतिशय मंद त्वरणाला न्यूटनचा नियमच बदलतो. एकेकट्या दीर्घिकांचे वेग त्यांच्या सूत्रात चकित व्हावं इतके नेमके बसतात. मात्र दीर्घिकांच्या समूहांत ते अडखळतं. २००६ मध्ये दोन समूहांच्या टकरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक साधं द्रव्य असलेला तप्त वायू मधे अडकून राहिला होता आणि वजन पुढे निघून गेलेलं दिसलं. नुसती काट्यातली खोट असती, तर वजन वायूपाशीच दिसायला हवं होतं. तरीही मिलग्रोमना हसण्यावारी नेऊ नये. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताला आयुष्यभर आव्हान देत राहिले, आणि त्यामुळे महास्फोटवाल्यांना आपले पुरावे घासूनपुसून घ्यावे लागले.

कोल्हापुरात आहे का? माल खरंच असेल, तर तुमच्या घरातही आहे. पण इतका विरळ, की सबंध पृथ्वीच्या पोटात एका वेळी जेमतेम अर्धा-पाऊण किलो. सूर्य आपल्याला घेऊन त्यातून सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगानं चाललाय, म्हणजे इथून पुणं एका सेकंदात.

नातीला यातच पुढे जायचं असेल, तर बारावीनंतर आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेशपरीक्षा द्यायला सांगा. त्याआधी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिला पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत घेऊन जा. त्या दिवशी संस्था सगळ्यांसाठी खुली असते. तिथं संशोधक स्वतः उत्तरं देतात, तेव्हा काट्यातल्या खोटीचा प्रश्न तिलाच विचारू द्या.