‘नुसती वाफ’ आणि घातलेली शपथ

तुझा 16 वर्षांचा भाऊ व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो. ‘नुसती वाफ आहे, अभ्यासाआधी डोकं शांत होतं, दारू-गांजा थोडाच घेतोय’ असं म्हणतो, आणि आई-बाबांना सांगायचं नाही अशी शपथ त्यानं तुला घातलीय. ती मोडू का, असं विचारलंयस.

शपथेकडे वळते, पण तू जाता जाता एक वाक्य लिहिलंयस ते मला जास्त खटकलं. व्हेप उशीखाली असतं आणि डोळे उघडताच तो पहिला झुरका घेतो. रात्रभरात व्हेपमधून शरीरात गेलेलं निकोटीन उतरतं आणि मेंदू ते मागायला लागतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढल्याशिवाय चैन न पडणं ही व्यसन जडल्याची ओळखीची खूण. डोकं शांत होतं हे तो खोटं सांगत नाही. पण ते अशांत केलेलं असतं आधीच्याच झुरक्यानं!

या वयात हे पटकन जडतं. मौजेच्या मागे धावणारा मेंदूचा भाग लवकर जोर धरतो, त्याला आवर घालणारा पुढचा भाग मात्र साधारण 25 वर्षांपर्यंत घडतच असतो. कुठल्या जोडण्या ठेवायच्या आणि कुठल्या छाटायच्या, हे याच काळात ठरतं. निकोटीन नेमकं लक्ष आणि शिकणं सांभाळणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं. म्हणजे अभ्यासासाठी ओढलेलं अभ्यासाच्याच मुळावर येतं.

दारू स्मरणशक्तीला धक्का लावते, गांजानं काहींना भ्रम-भास होऊ शकतात, घरात तसा आजार असेल तर धोका आणखी. तो हे दोन्ही घेत नाही हे चांगलंच, पण म्हणून निकोटीन निरुपद्रवी ठरत नाही. आणि त्या व्हेपमध्ये नेमकं काय भरलंय, तेही एकदा विचार.

आता शपथ. मोड, पण त्याच्या पाठीमागे नको. ‘या आठवड्यात तू सांग, मी शेजारी बसते. नाही सांगितलंस तर मी सांगेन,’ असं तोंडावर म्हण. दप्तर तपासत बसू नकोस, तो फक्त लपवायला शिकेल. आई-बाबांना आधी डॉक्टरांकडे न्यायला सांग, ओरडायला नंतर वेळ आहेच. सोडल्यावर पहिले काही दिवस तो घरभर खेकसत फिरेल, झोपेचं खोबरं होईल. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत ओसरतं, हे त्यालाही आधीच सांगून ठेव.