पॅडवर रोबोट चढतो, पण चार्ज होत नाही

तुमचा प्रश्न असा: एका १८६५० सेलचा (गोल लिथियम-आयन बॅटरीचा) दोन चाकी रोबोट, पोटाखाली ‘ची’ (Qi) रिसीव्हर (षष्ठीचा प्रत्यय वाटतो, पण बिनतारी चार्जिंगच्या मानकाचं नाव तेच), पुढे टीपी४०५६ ही सेल चार्ज करणारी चिप. हाताने ठेवला की चार्ज होतो. स्वतः येऊन थांबला की पॅडचा दिवा लुकलुकत राहतो.

माझ्या रोबोटनेही हेच रंग दाखवले होते. मी रिसीव्हरच्या तीन कॉइल बदलल्या, एकीतही दोष नव्हता. टीपी४०५६च्या तयार मॉड्यूलवर करंट ठरवणारा रेझिस्टर बहुधा १.२ किलोओहमचा असतो, म्हणजे ते पूर्ण १ अँपिअर मागतं. साधा ५ वॅटचा रिसीव्हर तेवढा देतो, पण पॅडची आणि त्याची अशा दोन्ही कॉइल बरोबर एकावर एक असल्या तरच. जरा सरकल्या की व्होल्टेज बसतं, चार्जिंग तुटतं, पॅड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तो रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा. करंट ५८० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला पाचेक तास लागतील, पण रोबोटला तशी कुठे घाई असते?

चासी (रोबोटचा सांगाडा) अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणता, तर कॉइलची काळपट फेराइटची बाजू चासीकडे हवी आणि तारेची पॅडकडे. मी पहिल्यांदा उलटी चिकटवली होती. सेल भरला नाही, पत्रा मात्र छान तापला. कॉइल आणि पॅडमधलं अंतरही ४-५ मिलिमीटरच्या आत ठेवा.

जागेवर येण्यासाठी चाकांचे फेरे मोजू नका, चाक घसरतंच. निमुळत्या होत जाणाऱ्या दोन पट्ट्या लावा, नाक आपोआप मध्ये येतं (माझ्या अजून पुठ्ठ्याच्याच आहेत). रिसीव्हरचे ५ व्होल्ट दोन सारख्या रेझिस्टरांनी निम्मे करून कंट्रोलरला वाचू द्या. थांबल्यावर सेकंद-दोन सेकंदांत व्होल्टेज आलं नाही तर थोडं मागे घेऊन पुन्हा यायचं.

एक मात्र राहतंच. चार्ज होताना कंट्रोलरचा बोर्ड सेलवरच चालू असेल, तर करंट एक-दशांशावर उतरल्याचं टीपी४०५६ला कळत नाही आणि चार्जिंग संपतच नाही. बोर्डाला चार्जिंगच्या वेळी थेट रिसीव्हरवर नेणारं मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि डायोडचं छोटं सर्किट लागेल. मग मात्र बोर्ड आणि चार्जर मिळून रिसीव्हरकडून किती मागतात ते पुन्हा मोजा.

आणि पाण्याचा-धुळीचा प्रश्न नसेल, तर तांब्याच्या दोन पट्ट्या आणि स्प्रिंगच्या पिना का नकोत? झाडू मारणारे बरेच रोबोट अशाच धातूच्या संपर्कांवर चार्ज होतात.

आधी फक्त रेझिस्टर बदलून बघा आणि दिवा लुकलुकायचा थांबला का ते इथे लिहा.