स्वस्त चहाला विरोध का झाला?

प्रश्न : १७७३ च्या कायद्यामुळे अमेरिकेतील वसाहतींना चहा स्वस्त मिळणार होता, तरी बॉस्टनकरांनी तो समुद्रात का टाकला? आणि शिक्षा एकट्या बॉस्टनला झाली असताना बाकीच्या वसाहती का खवळल्या?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, पण आधी चहाविषयी. ईस्ट इंडिया कंपनीच्या (मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेचा तह केला तो याच कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांशी) गोदामांत चहाचे ढीग साचले होते. तो थेट अमेरिकेत नेऊन स्वतः नेमलेल्या अडत्यांकरवी विकण्याची मुभा तिला मिळाली, इंग्लंडमधील जकातीची सूटही मिळाली. मात्र अमेरिकेत रतलामागे (पौंडामागे) ३ पेन्सचा कर कायम राहिला. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने बसवलेला हा कर स्वस्ताईच्या मोहाने एकदा भरला की तिचा अधिकारच मान्य केल्यासारखे होईल, हे लोकांनी ओळखले, आणि आपल्याला डावलून अडते नेमले गेल्याने स्थानिक व्यापारीही बिथरले. मॅसॅच्युसेट्स (बॉस्टन ज्या वसाहतीत होते ती) येथील गव्हर्नर हचिन्सन चहाची जहाजे परत जाऊ देईना, तेव्हा १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या, म्हणजे सुमारे ९२,००० रतल चहा, पाण्यात गेला.

आता शिक्षेविषयी. शाहूपुरीत एका रात्री काही जणांनी एका व्यापाऱ्याचे गुळाचे रवे नासवले आणि भरपाई होईपर्यंत सरकारने सारी पेठच बंद केली, तर हमाल, तोलणारे, गाडीवान आणि गूळ घेऊन आलेला शेतकरी यांनी काय करावे? १ जून १७७४ पासून बॉस्टनमध्ये नेमके हेच झाले. चहाची किंमत चुकती होऊन शांतता प्रस्थापित होईपर्यंत बंदर बंद राहिले, आणि ज्यांनी पेटीला हातही लावला नव्हता त्यांचीही रोजी बुडाली. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून तेथील नगरसभांवर बंधने घातली. आज बॉस्टन, उद्या आपण, हे इतरांना तेव्हाच कळले. दक्षिण कॅरोलायनाने तांदूळ पाठवला, कनेक्टिकटहून मेंढ्या आल्या. आणि शेजारच्या मार्बलहेडच्या व्यापाऱ्यांनी, बॉस्टनचा धंदा आयता पदरात पडत असताना, आपले धक्के बॉस्टनकरांना वापरायला देऊ केले, ही गोष्ट मला त्या रात्रीच्या चहाहून मोठी वाटते.

सप्टेंबरमध्ये १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि त्यांनी १ डिसेंबरपासून ब्रिटिश मालाची आयात थांबवण्याचे ठरवले. त्यावर मार्च १७७५ च्या कायद्याने न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडील) वसाहतींना ब्रिटन, आयर्लंड व ब्रिटिश वेस्ट इंडीज सोडून इतरत्र व्यापार करण्यास आणि न्यूफाउंडलंडच्या समुद्रात मासेमारी करण्यास मनाई झाली. म्हणजे ज्या मासळीवर किनाऱ्यावरची गावे जगत होती, तीच तोडली गेली. तीन आठवड्यांच्या आत, १९ एप्रिलला, मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन येथे ब्रिटिश सैनिक आणि वसाहतकरी यांच्यात गोळीबार झाला आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले.