नस कोणती, बाजू कोणती, डॉक्टरनं लिहिलंच नाही त!

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. बी.फार्म. झालं, मग नागपूरला मेडिकल कोडिंगचा, म्हणजे निदान-उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड लावायचा कोर्स केला आणि आता घरूनच अमेरिकेतल्या क्लिनिकचे चार्ट (पेशंटच्या उपचाराच्या नोंदी) कोड करते, लाइट गेली की इन्व्हर्टरवर आणि तोही बसला की शेजारच्या काकूंच्या ओसरीत. परवा क्रॉनिक मायग्रेनचा एक चार्ट आला, प्रोसिजरमध्ये एकच ओळ, 'नर्व्ह ब्लॉक डन, पेशंट टॉलरेटेड वेल', म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पेशंटला त्रास झाला नाही. मी होल्डला टाकला (कोड न लावता थांबवला) तर टीम लीड म्हणे, मायग्रेन आहे ना, मग ६४६१५ लाव, नाहीतर ६४४०५ लावून निदानात ऑक्सिपिटल न्यूराल्जिया (डोक्यामागच्या नसेचं दुखणं) टाक, क्लेम पास होते. काय करू? आणि एक घरचं, आईला पण अर्धशिशी आहे, यवतमाळच्या डॉक्टरांनी मानेच्या मागे इंजेक्शन दिलं, मेडिक्लेममध्ये बसते का?

उत्तर : होल्डला टाकला ते चांगलंच केलं. ६४६१५ चा विचारच सोड, तो बोटॉक्सवाला कोड आहे, क्रॉनिक मायग्रेनमध्ये कपाळ, कानशील, मान, खांदे अशा ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट टोचतात ना, तो. त्यात औषध स्नायूत जाते, नस बधिर करत नाहीत. शिवाय त्या कोडात दोन्ही बाजू आधीच धरलेल्या आहेत म्हणून त्याला ५० मॉडिफायर, म्हणजे 'दोन्ही बाजूंना केलं' असं सांगणारी कोडामागची जोड, लागत नाही, आणि ६४४०५ एकाच बाजूचा आहे म्हणून दोन्हीकडे दिलं असेल तर लागतो. नवीन पोरं नेमकी इथंच उलटंपालटं करतात, मी पण केलंय बाप्पा.

आता ६४४०५ कडे ये. त्याच्या नावातच नस दिली आहे, ग्रेटर ऑक्सिपिटल, डोक्याच्या मागून वर चढणारी. तुझ्या चार्टात नुसतं 'नर्व्ह ब्लॉक'. लेसर, म्हणजे तिची धाकटी बहीण, ऑक्सिपिटल असेल तर ६४४५०, भुवईवरची सुप्राऑर्बिटल असेल तर ती ट्रायजेमिनलची, म्हणजे चेहऱ्याच्या मोठ्या नसेची, फांदी म्हणून ६४४००, नाकामागच्या स्फीनोपॅलाटाइन गँग्लियनला (नसांच्या गाठीला) इंजेक्शन दिलं असेल तर ६४५०५. यातलं कोणतं ते तुला माहीत नाही, लीडला माहीत नाही, सुई ज्याच्या हातात होती त्यालाच माहीत. म्हणून डॉक्टरला क्वेरी (लेखी विचारणा) टाक, आणि ती मोकळी टाक. 'ग्रेटर ऑक्सिपिटल दोन्ही बाजूंना दिलं ना?' असं विचारलं तर तू उत्तर त्याच्या तोंडात घातलं. विचार की कोणती नस, कोणती बाजू, औषध कोणतं, किती टक्क्यांचं, किती मिली, स्टेरॉइड होतं का, आणि कशासाठी दिलं. तो जे लिहील ते ज्या दिवशी लिहिलं त्या तारखेचं अडेंडम (पुरवणी नोंद) म्हणूनच यावं, मागची तारीख टाकून नाही. आणि एकाच नसेला चार वेळा टोचलं तरी कोड एकदाच, हे पण ध्यानात ठेव.

ते न्यूराल्जियाचं मात्र मला पटलंच नाही. काही पेयर (पैसे देणाऱ्या विमा कंपन्या) मायग्रेनसाठी ऑक्सिपिटल ब्लॉक प्रायोगिक म्हणून नाकारतात हे खरं आहे, म्हणून एम५४.८१, हा न्यूराल्जियाचा कोड, टाकला की पैसे निघतात हेही काही ठिकाणी खरं आहे, पण डॉक्टरनं ते निदान लिहिलंच नसेल तर तू ते पेशंटच्या कपाळी का मारतेस? तो आजार तिच्या रेकॉर्डला चिकटून बसेल आणि ऑडिट आलं की लीड म्हणेल मी कुठं सांगितलं. त्याला म्हणा मेलवर लिहून द्या. देणार नाही तो.

निदानाचा कोड जी४३.७ (क्रॉनिक मायग्रेन) मध्येच राहू दे, फक्त शेवटचे आकडे नीट पाहा. डॉक्टरनं इंट्रॅक्टेबल (औषधांना न जुमानणारं), रिफ्रॅक्टरी किंवा अगदी 'पुअरली कंट्रोल्ड' जरी लिहिलं असेल तर ते इंट्रॅक्टेबलमध्येच धरतात, म्हणजे जी४३.७१ कडे जायचं, नाहीतर जी४३.७०. आणि त्याच दिवशीच्या व्हिजिटला २५ मॉडिफायर ('तपासणी वेगळी झाली' असं सांगणारी जोड) तेव्हाच, जेव्हा ब्लॉकपलीकडे खरंच वेगळी तपासणी झाली असेल.

आईचं थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या मेडिक्लेमला हे सीपीटी कोड (६४४०५ सारखे अमेरिकेतले प्रोसिजरचे कोड) लागत नाहीत. खुर्चीवर बसवून इंजेक्शन दिलं आणि तासाभरानं एसटीनं घरी पाठवलं तर ते ओपीडीच धरतात, पॉलिसीत ओपीडी कव्हर नसेल किंवा डे-केअरच्या (भरती न राहता एका दिवसात होणाऱ्या उपचारांच्या) यादीत हे नसेल तर बहुतेक नाहीच मिळणार. तरी चिठ्ठीवर नस, बाजू, औषध आणि डोस लिहून घे, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर कामी येते. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचा हिशेब लिहिते ना, त्याच चौकोनात डोकं दुखलं त्या दिवशी फुली मारायला सांग, उलटी झाली किंवा उजेड सहन झाला नाही तर फुलीला गोल. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यात १५ किंवा जास्त फुल्या आणि त्यातल्या निदान ८ गोलवाल्या, यावरच क्रॉनिक म्हणायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. पुढच्या खेपेला कॅलेंडरच पिशवीत टाकून ने, दूधवाल्याला तोवर तोंडी सांग.