वाचकांचे प्रश्न : नॉबी टायर डांबरी रस्त्यावर चालतो का?

पावसाळा तोंडावर आलाय आणि या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं टायरबद्दलच आहेत, तेही ऑफ-रोड गाड्यांच्या नॉबी टायरबद्दल (नॉबी म्हणजे मोठे, उंच ठोकळे असलेला टायर), म्हणून यावेळी तोच विषय. चेन, कार्ब्युरेटर आणि बॅटरीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, पत्रं जपून ठेवलीयत.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे एक्सपल्स २०० बाइक आहे, रविवारी कास-बामणोली साइडला कच्च्या रस्त्याने फिरतो. नॉबी टायर टाकायचाय पण गॅरेजवाला म्हणतो नॉबी टाकला की गाडी इल्लीगल, पोलीस पावती फाडणार. खरं आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, हे खरं नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तरच लिहितो. टायर नॉबी आहे एवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही. आपल्याकडे टायरचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये आहेत, नियम ९४ टायरच्या अवस्थेबद्दल आणि ९५ साइझ आणि प्लाय रेटिंगबद्दल (म्हणजे टायरची भार पेलण्याची ताकद), आणि ठोकळे मोठे असले तर चालणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. नियमाला बघायचं असतं ते वेगळंच : नक्षी किती उरलीय, आतले धागे उघडे पडलेत का, कुठे फुगवटा आलाय का, आणि साइझ त्या गाडीची आहे का.

त्यामुळे टायर घेताना नक्षीकडे बघायच्या आधी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचा. दुकानात टायर उभा धरा, उजेडाकडे फिरवा आणि बोट फिरवत वाचत जा. पहिली गोष्ट आयएसआयचा शिक्का आणि त्याच्यासोबत आयएस १५६२७ हा आकडा. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठीचं ते भारतीय मानक आहे आणि २००९ च्या केंद्राच्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरपासून हा शिक्का सक्तीचा झालाय. दुसरी गोष्ट साइझ. एक्सपल्स २०० ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ येतो, म्हणजे मागचा टायर १२० मिमी रुंद, उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि रिम १८ इंची. त्याच्यापुढे समजा ६२पी लिहिलंय, तर ६२ म्हणजे २६५ किलो वजन पेलतो आणि पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंत चालतो. एम असेल तर १३०, एस असेल तर १८०. कंपनीने गाडीसोबत जो लोड आणि स्पीडचा आकडा दिलाय त्याच्या खाली जाऊ नका, त्यात पण लोडचा जास्त विचार करा, कारण मागे सामान आणि पिलियन (मागे बसणारा) घेऊन घाट चढताना सगळा भार त्या एका टायरवर येतो.

राहिली तारीख. साइडवॉलवर चार आकडे एकत्र असतात, २३२४ असेल तर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. ऑफ-रोड टायर कमी खपतात म्हणून दुकानात पडून राहतात, तेव्हा हे आकडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हे सगळं बरोबर असेल तर नॉबी बिनधास्त टाका आणि गॅरेजवाल्यालाही हे वाचायला द्या.

प्रश्न : सर, ओळखीचा एक जण मोटोक्रॉसचा बाहेरून आणलेला टायर अर्ध्या किमतीत देतोय, एकदम नवा कोरा. त्याच्यावर एनएचएस लिहिलंय. घेऊ का? – वाचक, नाशिक

उत्तर : रस्त्यासाठी अजिबात घेऊ नका. एनएचएस म्हणजे नॉट फॉर हायवे सर्व्हिस, टायर बनवणाऱ्यानेच सांगितलंय की हा सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. काही टायरवर 'फॉर कॉम्पिटिशन युज ओन्ली' असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ तोच. मोटोक्रॉसचा टायर मऊ मातीच्या बंद ट्रॅकसाठी बनवलेला असतो, तिथे सलग अर्धा तास ८० च्या स्पीडने डांबरावर पळायचा प्रश्नच येत नाही. तो डांबरावर तापतो, ठोकळे मुळापासून वाकतात, ब्रेक दाबला की गाडी तरंगल्यासारखी होते आणि काही वेळा अख्खे ठोकळे तुटून उडतात. शिवाय मोटोक्रॉसच्या बऱ्याच गाड्यांना मागे १९ इंची रिम असते, तुमची १८ ची असेल तर तो बसणारच नाही, हे पण आधी बघून घ्या.

एन्ड्युरोचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड शर्यतीचं, मात्र वेगळं असतं. एन्ड्युरो स्पर्धेत एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जाताना सार्वजनिक रस्ता लागतो, म्हणून एफआयएमचे (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाचे) एन्ड्युरो टायर रस्त्याला मान्य असलेलेच लागतात आणि ठोकळ्यांची उंची १३ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे जगातले सगळ्यात तगडे ऑफ-रोड रायडर सुद्धा स्पर्धेच्या दिवशी रोड-लीगल टायरवरच असतात, तेव्हा "खरा ऑफ-रोड टायर रस्त्याला चालतच नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बाहेरच्या टायरवर डीओटी किंवा गोलातला ई दिसला तर तो अमेरिकेच्या किंवा युरोपच्या नियमात बसतो एवढाच अर्थ, आपल्याकडे आयएसआय लागतोच. त्यात जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून "पार्सलमधून आलाय" असा टायर मिळाला तर त्याची कागदपत्रं आधी विचारा.

प्रश्न : नॉबी टायर कधी बदलायचा हे कळतच नाही. साध्या टायरचा गोटा झाला की दिसतं, नॉबीला मधले ठोकळे झिजले तरी साइडचे उभेच असतात. कायद्याने किती लागतं? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : कायद्याने दुचाकीला ०.८ मिमी, मोटारींना १.६. पण मापायचं कुठे हे महत्त्वाचं, आणि तुम्ही म्हणता तसं इथेच लोक फसतात, साइडचे उंच ठोकळे बघून "अजून खूप आहे" म्हणतात. साइडवॉलच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) अशी अक्षरं शोधा, तिथून सरळ आत मधल्या भागाकडे गेलात की दोन ठोकळ्यांच्या मधे रबराची बारीक उंचवटा असलेली पट्टी दिसेल, मधले ठोकळे झिजून त्या पट्टीच्या लेव्हलला आले की टायर संपला. मापायला डेप्थ गेज स्वस्तात मिळतो, त्याची सुई खाचेच्या तळाला टेकवायची आणि पाय मधल्या ठोकळ्यांवर ठेवायचे, चार-पाच ठिकाणी मापायचं आणि सगळ्यात कमी आकडा धरायचा.

आता माझं मत. ०.८ हा आकडा पावती वाचवायला ठीक आहे, नॉबीसाठी तो फारच उशीर आहे. नवीन नॉबीचे ठोकळे साधारण १० मिमीच्या आसपास उंच असतात, त्यातले ३-४ उरले की चिखलात त्याचा उपयोग संपतो आणि ओल्या डांबरावर तर तो आधीपासूनच कमकुवत असतो, कारण रस्त्याला टेकणारं रबरच कमी. म्हणून ३ मिमीला बदला. अजून एक गोष्ट करा, दर धुण्याच्या वेळी ठोकळा अंगठ्याने एका बाजूला दाबून वाकवा आणि त्याच्या मुळाशी बघा, तिथे बारीक चीर दिसली तर उंची कितीही असली तरी तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नका. धागे दिसायला लागले किंवा फुगवटा आला तर नियम ९४ प्रमाणे तो टायर चालतच नाही, आणि असा धोकादायक दोष माहीत असून गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० लागतं, दीड हजारापर्यंत दंड, आणि त्या दोषामुळे अपघात झाला तर तुरुंगवासही होऊ शकतो.

प्रश्न : मागे १२० च्या जागी १४० टाकला तर गाडी भारी दिसते. चालेल? – वाचक, संभाजीनगर

उत्तर : नको. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि चेनला घासायची भीती, अरुंद रिमवर रुंद टायर चिमटून बसतो त्यामुळे त्याचा आकारच बदलतो, आणि स्पीडोमीटरचं रीडिंगही चुकू शकतं. कायद्याच्या बाजूने, कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ वर निकाल देताना स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सचा सर्व्हेअर साइझ बघतो ते वेगळंच. त्याच साइझमध्ये चांगला पॅटर्न शोधा.

प्रश्न : दादा, आमच्याकडे पावसात लाल चिखल म्हणजे साबणच. हवा कमी केली की गाडी मस्त चालते पण परत भरायचा कंटाळा येतो. घरापर्यंत १५ किमी डांबर आहे, तसंच आलं तर? – वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : तसंच येऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. चिखलात हवा उतरवणं बरोबरच आहे, टायर पसरतो, दगडाला धरतो, जांभ्याच्या त्या गुळगुळीत थरावर थोडी तरी पकड मिळते. पण तोच टायर डांबरावर ६० ने आणला की साइडवॉल सतत दुमडून गरम होते, वळणावर गाडी डुलते, आणि एखादा खड्डा आला की रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते, त्याने एकाच वेळी दोन भोकं पडतात आणि हवा क्षणात जाते. स्पोकच्या गाडीत अजून एक होतं, हवा कमी असताना ब्रेक आणि पिकअपमुळे टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. व्हॉल्व्ह रिममधून तिरका झालेला दिसला तर समजा सरकलाय, त्याच दिवशी टायर उतरवून सरळ करून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह मुळातून फाटेल आणि ती ट्यूब पंक्चरवाल्याकडे नेऊनही जुळणार नाही. व्हॉल्व्हची खालची नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकायला लागला की तिरका झालेला लगेच दिसतो.

सीटखाली छोटा पंप आणि गेज ठेवा, बॅटरीवरचा असेल तर उत्तम. चिखल संपून डांबर सुरू होतं तिथेच थांबून कंपनीच्या आकड्याला हवा भरा, तो मॅन्युअलमध्ये असतोच आणि बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतं. आणि निघाल्यावर पहिला किलोमीटर हळू जा, ठोकळ्यांच्या खाचांतला लाल चिखल निघून जायच्या आधी त्या टायरला जवळपास काहीच ग्रिप नसते.

प्रश्न : मी लेस्टरला असतो, इथे सेकंड-हॅन्ड एन्ड्युरो बाइक घेतलीय, ग्रीन लेनिंगसाठी, म्हणजे कच्च्या वाटांवर फिरायला. इथला नियम काय? – वाचक, इंग्लंड

उत्तर : तुमच्याकडे नियम जास्त कडक आहे. टायरच्या रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात आणि पूर्ण घेरात किमान १ मिमी, उरलेल्या भागातही नक्षी दिसली पाहिजे. ५० सीसीपर्यंतच्या मोपेडला थोडी सूट आहे, तुम्हाला नाही. दंड एका टायरला २५०० पौंडांपर्यंत आणि लायसन्सवर ३ पॉइंट, दोन्ही टायर खराब तर दोन्हीचे वेगळे. साइडवॉलवर गोलातला ई बघा, आणि एनएचएस असेल तर एमओटीला (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला) गाडी नापास होते. सेकंड-हॅन्ड एन्ड्युरो गाडीवर आधीच्या मालकाने मोटोक्रॉसचे टायर चढवलेले असू शकतात, त्यामुळे व्यवहाराच्या वेळीच वाचून घ्या. आणि ग्रीन लेन म्हणजे रस्ता नाही असं समजू नका, बायवेवर (गाड्यांना मुभा असलेल्या कच्च्या वाटेवर) जायलाही टॅक्स, इन्शुरन्स, एमओटी सगळं लागतं.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे, मोटोक्रॉस शिकतोय, त्याची गाडी रजिस्टर होत नाही असं दुकानदार म्हणाला. रोडचे टायर आणि लाइट लावले तर क्लासपर्यंत चालवत नेता येईल का? – एक पालक, पुणे

उत्तर : नाही ताई, टायरने ती गाडी रस्त्याची होत नाही. कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, टायर कितीही लीगल असले तरी. त्यात मुलगा १८ च्या आतला, कलम १९९अ प्रमाणे पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. टेम्पोत किंवा ट्रेलरवर घालून न्या, पुढचं चाक स्टँडला टेकवून दोन्ही बाजूंनी पट्टे ओढा, आणि टायर त्याचे मोटोक्रॉसचेच राहू द्या, ट्रॅकवर त्याला तेच लागणार आहेत.