आमचा तेरा वर्षांचा लॅब्रेडॉर कुत्रा हाकेला प्रतिसाद देत नाही आणि रात्री घरभर फिरतो. हे वयामुळे होते का?

तेरा वर्षांच्या लॅब्रेडॉरमध्ये ही दोन्ही लक्षणे वयामुळे दिसू शकतात, परंतु त्यांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात. ऐकू येणे हळूहळू कमी होते, त्यामुळे हाकेकडे दुर्लक्ष करणारा कुत्रा हट्टी झाला आहे असा घरच्यांचा समज होतो (बिचाऱ्याला उगाच बोलणी बसतात). हाताच्या खुणा त्याला आताच शिकवा आणि रस्त्यावरच्या रहदारीत रिक्षाचा हॉर्न त्याला ऐकू येईल असे गृहीत न धरता पट्टा कधीही सोडू नका. डोळ्यांतील निळसर झाक बहुतेक वेळा भिंग घट्ट झाल्याची असते व तिने दृष्टी फारशी जात नाही; मोतीबिंदू वेगळा, तो पशुवैद्यच तपासून सांगू शकतात. वास घेण्याची क्षमता सहसा सर्वांत शेवटपर्यंत टिकते.

रात्रीची येरझार मात्र अधिक गांभीर्याने घ्यावी. दिवसा झोपून रात्री जागणे, कोपऱ्यात अडकून उभे राहणे, शिकलेली शिस्त विसरून घरात लघवी करणे ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणे असली, तरी सांधेदुखी किंवा मूत्रपिंडाच्या विकारातही यांपैकी काही दिसतात, म्हणून रक्त व लघवीची तपासणी आधी करून घ्यावी. तोवर फर्निचर हलवू नका आणि रात्री मंद दिवा ठेवा.