‘सॅव्हेज’ म्हणजे रानटी की क्रूर?

‘सॅव्हेज’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘रानटी’ हा एकच शब्द सगळीकडे चालेल का, असे परभणीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे. ती भाषांतराचा अभ्यास करते आणि तिच्यापुढे दोन वाक्ये आहेत : एकात मोकाट कुत्र्यांनी शेळ्यांच्या कळपावर ‘सॅव्हेज’ हल्ला केला आहे, तर दुसऱ्यात एकोणिसाव्या शतकातला एक प्रवासी डोंगरातल्या माणसांना ‘सॅव्हेज’ म्हणतो आहे.

माझ्या मते चालणार नाही, आणि त्याचे कारण शब्दाच्या पोटातच आहे. लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य. त्यावरून ‘सिल्वाटिकस’, म्हणजे अरण्यातला, असे विशेषण झाले आणि तेच रूप बदलत जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. अरण्यात राहतो तो सुधारणेबाहेरचा आणि सुधारणेबाहेरचा तो निर्दय, अशा समजुतीने हा शब्द झाडाझुडपांतून निघून क्रौर्यापर्यंत पोचला. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८७७ साली मानवी समाजाच्या तीन अवस्था मांडल्या, तेव्हा सर्वांत खालच्या अवस्थेला त्यांनी याच शब्दावरून नाव दिले.

मराठीत रान आणि क्रौर्य यांची वाट इतकी एक झालेली नाही. ‘क्रूर’ हा संस्कृत शब्द मुळात कच्च्या मांसाशी आणि रक्ताशी नाते सांगतो. लॅटिनमधला रक्तवाचक ‘क्रुओर’ आणि इंग्रजीतला ‘क्रुएल’ हे त्याच कुळातले. ‘रान’ मात्र ‘अरण्य’ या शब्दापासून आलेले, आणि आपल्या मराठवाड्यात तर रान म्हणजे चक्क शेत. सकाळी भाकरी बांधून निघालेल्या माणसाला “कुठं निघालात?” असे विचारले, तर तो “रानात” म्हणतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढे तूर, कापूस, ज्वारी असते. हुरडा रानात खायचा, बोरे-सीताफळे हा रानमेवा, तरोटा आणि कुर्डू या रानभाज्या. ज्या भाषेत रान इतके घरचे आहे, तिथे प्रत्येक क्रूर कृत्याला ‘रानटी’ म्हणणे मला मनापासून खटकते.

अर्थात ‘रानटी’ हा शब्द अगदी निष्पाप आहे, असेही नाही. रानटी हत्ती किंवा रानटी झाड म्हणताना त्यात फक्त वस्तीबाहेर वाढल्याचा अर्थ असतो, पण माणसाला लावला की तोच शब्द शिवी होतो. त्यातून आधी अडाणीपणा आणि आडदांडपणा सूचित होतो, क्रौर्य नंतर. शांत डोक्याने, नीट कपडे घालून छळ करणाऱ्या माणसाला आपण रानटी म्हणत नाही; तो निर्दय, अमानुष किंवा पाषाणहृदयी. बोलीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे “ढोरावानी मारलं” असे म्हणतात, तेव्हा ढोर म्हणजे मार खाणारा, मारणारा नव्हे. ‘पाशवी’ या ग्रांथिक शब्दात जनावर हे क्रौर्याचे माप आहे, तर बोलीत ते मुक्याने सोसणारे आहे.

‘सॅव्हेज’ क्रियापद म्हणून येतो, तेव्हा तर विशेषणाच्या मागे लागूच नये. कुत्र्यांनी लचके तोडले, टीकाकारांनी पुस्तकाचे वाभाडे काढले, असे सरळ मराठी लिहावे. हल्लीची तरुण मुले एखाद्या उत्तराला कौतुकाने ‘सॅव्हेज’ म्हणतात. त्यासाठी ‘सडेतोड’ पुरेसा आहे, आणि त्यात थोडा डंख हवा असेल तर ‘झणझणीत’.

तेव्हा पहिल्या वाक्यात ‘हिंस्र हल्ला’ चालेल, पण “कुत्र्यांनी कळपावर तुटून पडून शेळ्या फाडल्या” हे त्याहून चांगले. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘रानटी’च ठेवावा. तिथे ‘वनवासी’ किंवा ‘आदिवासी’ असा सौम्य शब्द घातला, तर त्या प्रवाशाच्या मनातला तुच्छभाव भाषांतरकाराने आपल्या हाताने पुसल्यासारखे होईल, आणि तो कोणत्या नजरेने त्या माणसांकडे पाहत होता हे मराठी वाचकाला कळणारच नाही.